‘गो ऑन’चा चौथा रकाना

४ मार्च, सोमवार

दादाच्या थेरपिस्टबाईंनी आज एक छापील तक्ता दिला. चार रकाने. कधी बोलले, काय बोलले, त्याआधी काय घडलं होतं, आणि त्यांना काय म्हणायचं होतं. रोज भरायचा, दर मंगळवारी दाखवायचा. "ताई, चौथा रकाना त्यांना विचारून भरायचा हं," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी मान हलवली. एकतीस वर्षं वकीलसाहेबांची स्टेनो होते मी, तक्ता कसा भरतात ते मला शिकवायला नको.

दुसरा रकाना तर मी आजच महिनाभराचा भरून ठेवू शकते. सात महिन्यांपूर्वी दादाला झटका आला आणि मी माझी खोली सोडून त्याच्या घरी राहायला आले. उजवी बाजू लुळी पडली, ती बरीचशी परत आली, आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतो. वाचा मात्र गेली ती गेली. उरले दोन शब्द, गो ऑन. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं त्या माणसाकडे शिल्लक काय, तर एक क्रियापद आणि त्याचं शेपूट. भूक लागली, गो ऑन. पंखा बंद कर, गो ऑन. डॉक्टरांनी नाव विचारलं तर छाती पुढे काढून, गो ऑन.

तक्त्यात मावत नाही ते या वहीत लिहायचं ठरवलं आहे. ११ एप्रिलला इस्पितळात बैठक आहे. डॉक्टर, समाजसेविका, थेरपिस्टबाई आणि दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. दादाने यापुढे कुठे राहायचं ते त्या दिवशी ठरणार. माझ्याबरोबर या घरात, की भाच्याने पाहून ठेवलेल्या त्या केंद्रात. दादाला समजतं सगळं, म्हणून त्यालाच विचारणार आहेत आणि तो सांगेल तेच होणार. तो सांगणार कसा, हे मात्र कोणी सांगत नाही.

दूध उतू गेलं. उद्या शेगडी घासायला हवी.

६ मार्च, बुधवार

दादाचा जाडा शब्दकोश कपाटातून उतरवला आणि पाठीत उसण भरली. पण उतरवला ते बरं झालं. गो ऑनला तिथे अर्धं पान आहे. आधी चाललं होतं ते चालू ठेवणं. घडणं, म्हणजे इथे काय चाललंय असं दरडावतात ते. दिवा लागणं. वेळ सरणं. समोरच्याला चढवणं, कर की, घे की. कोणी काही अचाट सांगितलं की हॅ, काहीतरीच काय, या अर्थानेही. आणि एकाच विषयावर न थांबता बोलत सुटणं. या शेवटच्या अर्थापुढे समासात दादाने पेन्सिलीने लिहिलं होतं, उदा. धाकटी बहीण.

कधी लिहिलं असेल कोण जाणे. वहिनी असताना असावं. मी एकटीच खोखो हसले. मग त्याला नेऊन दाखवलं. त्याने चष्मा शोधला, पान डोळ्यांजवळ धरलं, आणि तोही हसला. म्हणाला, "गो ऑन." मी तक्त्यात लिहिलं, दुपारी चार वाजता, हॅ, काहीतरीच काय, या अर्थाने.

आता मला हे जमायला लागलं आहे. सूर वर गेला की प्रश्न. सूर पडला की कंटाळा. दोनदा घाईने म्हणाला की बाथरूम. दिवसभरात तेवीस नोंदी केल्या, एकही चौथा रकाना रिकामा नाही. वकीलसाहेब अर्धं वाक्य बोलून खिडकीबाहेर बघत बसायचे आणि उरलेलं अर्धं मी लिहून टाकायची. साहेब म्हणायचे, "मला जे म्हणायचं असतं ते मला कळायच्या आधी तुम्हाला कळतं." ते काही उगीच नाही.

९ मार्च, शनिवार

ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलवालीचं पत्र. ती आता डोंगरात बहिणीच्या बंगल्यावर राहते. दहा दिवस ये म्हणते, नुसती पडून राहा म्हणते. हे तिसरं बोलावणं. तिला काय जातं म्हणायला.

पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. दुपारी माझ्या कपाखाली ठेवलेलं मिळालं. दादाने ठेवलं असणार. हल्ली वस्तू इकडच्या तिकडे करायची सवय लागली आहे त्याला. परत ड्रॉवरमध्ये टाकलं. संध्याकाळी पुन्हा माझ्या चपलांवर. "अरे, काय चालवलंयस?" म्हटलं तर, "गो ऑन. गो ऑन." तक्त्यात लिहिलं, आवराआवरी करायची होती.

१२ मार्च, मंगळवार

बाईंनी तक्ता पाहिला. अक्षराचं कौतुक केलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, हे सगळं सरांना विचारून भरलंय?"

"विचारायला काय हवं? मी बहीण आहे त्याची."

"सर, बरोबर आहे का हे?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग हात हवेत नुसता हलवला. बाईंनी तक्ता परत माझ्या हातात दिला. जाताना म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात चहाच्या वेळी थोडं चित्रीकरण करू, चालेल ना. मी म्हटलं करा. लपवण्यासारखं काय आहे?

भाच्याचा फोन आला. "आत्या, तुला झेपत नाहीये हे, मला दिसतंय." मी म्हटलं, फोनवरून तुला बरं दिसतं. "आत्या, ते वाईट ठिकाण नाहीये गं. एकदा बघून तरी ये. सेंटर आहे, सगळी सोय आहे." सरळ वृद्धाश्रम म्हण की, असं मी म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही. पण बापाला असं कुणाच्या तरी हवाली करायचं, आणि मी धडधाकट असताना?

धडधाकट हा शब्द लिहिताना एका हाताने कंबर धरली होती.

१४ मार्च, गुरुवार

मोरीचा नळ गेले चार दिवस गळत होता. नळवाला आला, चाळिशी उलटलेला माणूस. आत आल्या आल्या दादाला पाहून पाना खाली ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. म्हणे आठवीत सरांच्या हाताखाली होतो.

नळ दुरुस्त करता करता बोलत होता. "इंग्रजी म्हणजे माझा कर्दनकाळ होता, मावशी. सर एकेकाला उभं करायचे. एक वाक्य बोल म्हणायचे, कुठलंही, पण तुझं. मी आपला आय, आय करत उभा. बाकीच्या सरांनी तोवर उत्तर सांगून खाली बसवलं असतं, नाही तर हाणलं असतं. हे सर काय करायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचे, खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे आणि म्हणायचे, गो ऑन."

"आणि मग?"

"मग काही नाही. बसून राहायचे. कुणी मागून उत्तर फोडलं तर त्याला वर्गाबाहेर काढायचे. मी एकदा अख्खा तास उभा होतो. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात आले, तर त्यांना म्हणाले, जरा थांबा, याचं वाक्य व्हायचंय."

"झालं का?"

"झालं की! माय फादर रिपेअर्स टॅप्स." तो इतका मोठ्याने हसला की दादा काठी टेकत मोरीच्या दाराशी आला. नळवाल्याने ते वाक्य त्याच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "गो ऑन." अगदी हळू.

मला तर हा दुष्टपणा वाटला. पोराला तासभर ताटकळत उभं करायचं म्हणजे काय! पण हेही खरं की पस्तीस वर्षं दिवसातून शंभरदा जे म्हटलं तेच जिभेवर राहिलं असेल. मी विचार करत होते की माझी वाचा गेली तर काय उरेल. होय साहेब, बहुधा.

१८ मार्च, सोमवार

फार दमले आहे. लिहवत नाही.

दादा रात्री तीन-चारदा उठतो. मी उठते. दिवसा तो झोपतो तेव्हा मी कपडे, भांडी, औषधं, बिलं. आज सूप ढवळता ढवळता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले तर तशीच झोप लागली. जाग आली तेव्हा तास उलटून गेला होता. नशीब, गॅस मी आधीच बंद केला होता, आठवत मात्र नाही. अंगावर शाल होती तीही कधी घेतली कोण जाणे. असं व्हायला लागलं तर अवघड आहे. दादा समोरच्या स्टुलावर बसून होता, काठी गुडघ्यांत धरून. त्याचं सूप राहिलं तरी चिडला नाही.

१९ मार्च, मंगळवार

हा दिवस पुन्हा नको.

बाईंनी चहाच्या वेळी मोबाइल कपाटावर टेकवून ठेवला होता. बावीस मिनिटं. मग आम्हाला दोघांना शेजारी बसवून ते दाखवलं. आधी वाटलं, माझे केस किती पांढरे झालेत. मग आवाज ऐकू यायला लागला. एकच आवाज होता. माझा.

"चहा हवा ना? गोड कमी वाटतो? साखर देते. पंखा कमी करू? करते. बाई आल्यात म्हणून बरं वाटतंय ना? हो, वाटतंय त्याला." मी विचारत होते आणि मीच उत्तर देत होते. बाईंनी एका जागी थांबवलं आणि मागे नेलं. "इथे सरांचं तोंड बघा." दादाचे ओठ पुढे आले होते. च, च, असं काहीतरी निघत होतं. गो ऑन नव्हे. सात महिन्यांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. आणि पडद्यावरची मी काय म्हणते, तर "चहा? आणते आणते," आणि उठते. दादाचं तोंड मिटतं. तो मागे टेकतो. मी दुसरा कप आणून त्याच्या हातात देते, आणि तो म्हणतो, "गो ऑन."

"सर, तुम्हाला चहा हवा होता?" बाईंनी विचारलं.

दादाने मान हलवली, नाही. डोळ्यांकडे बोट नेलं. चष्मा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पडलेला होता.

एकेचाळीस वेळा मी त्याच्याऐवजी बोलले होते. बाईंनी मोजलं होतं. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, दहा सेकंद. तुम्ही फक्त दहा सेकंद गप्प राहायचं. मनात मोजायचं."

मी म्हटलं, त्याला त्रास होऊ नये म्हणून मी बोलते. बाई म्हणाल्या, "कळतं मला." आणि दादाने माझ्या पाठीवर डावा हात ठेवला. मला तो झटकून टाकावासा वाटला. टाकला नाही.

तक्त्याचे जुने कागद पाहिले. चौथ्या रकान्यात सगळीकडे माझंच अक्षर, आणि माझंच म्हणणं.

२० मार्च, बुधवार

दहा सेकंद फार मोठे असतात. चारपर्यंत गेले.

२३ मार्च, शनिवार

तोंडावर हात दाबून बसते. खरंच, तळहात तोंडावर. दादाला त्याची मजा वाटते. आज सकाळी त्याने मोठ्यांदा सुरुवात केली आणि मी मोजत होते. सात, आठ, नऊ. दहा झाले, काही नाही. बोलले नाही. पंधरा. वीस. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. मग "चष्" आणि मग कितीतरी वेळाने "मा".

मी चष्मा दिला. तो लावून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. दोघंही रडलो, मग दोघंही दमून झोपलो. दुपारचं जेवण चार वाजता.

तक्त्यात पहिल्यांदा दुसऱ्या रकान्यात वेगळा शब्द लिहिला. चौथ्यात काही लिहावंच लागलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

भाच्याच्या आग्रहाखातर ते केंद्र पाहून आलो. फक्त पाहायला, हे मी टॅक्सीत दादाला तीनदा बजावलं.

वाईट नाही, हे कबूल करायला हवं. भिंतींना धरायला लाकडी दांडे आहेत. खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकी. फिनेलचा वास येतो पण फार नाही. मागच्या अंगणात टेबलं मांडलेली. तिथे एक घड्याळजी बसले होते, त्यांनाही झटका येऊन गेलेला, आमच्यासारखाच. त्यांची शिल्लक म्हणजे, थांब जरा. काही विचारा, थांब जरा. दादाला त्यांच्यासमोर बसवलं. तो गो ऑन म्हणायचा, ते थांब जरा म्हणायचे, आणि मधे दोघंही निवांत. समोर सोंगट्यांचा पट होता. एकेक सोंगटी हलवायला पाच पाच मिनिटं. मला बघवेना.

एवढा वेळ गप्प बसला म्हणजे दादाला कंटाळा आला असावा. मी तीनदा निघू या म्हटलं, तर लक्षच नाही. घरी निघताना शर्टाची कॉलर स्वतःच नीट केली, एका हाताने. परक्या जागेत माणूस बिचारा टापटीप राहायला बघतो.

तिथली नर्स चांगली आहे. मला म्हणाली, "तुम्ही बसा हो, मी आहे." मी बसले आणि मग उठवेना.

२ एप्रिल, मंगळवार

नको हा शब्द आला. मग हो. मग तू. म्हणजे रोज येत नाहीत, दिवसातून एखादा, तोही सकाळी, ताजातवाना असेल तर. बाई खूश आहेत. मीही आहे. पण बैठकीला नऊ दिवस राहिले.

इथे कबूल करते, कारण ही वही कोणी वाचत नाही. रोज सकाळी औषधांनंतर मी दादाला विचारते, "दादा, कुठे राहायचंय?" आणि मग ओठ मोठे हलवून दाखवते, "इथे. म्हण, इथे." सोपा शब्द आहे. जोडाक्षर नाही, काही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "गो ऑन." सूर खालचा. मी समजते की, प्रयत्न चालू ठेव.

बाईंना सांगितलेलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

आज त्याने इथे म्हणायचं सोडून तोंड फिरवलं. मी चिडले. "मी काय माझ्यासाठी करते का हे? माझी खोली सोडली, सगळं सोडलं, आणि तू एक शब्द म्हणत नाहीस!" तो बसून राहिला. मग बाथरूममध्ये जाऊन पाय घसरून पडले मीच. लागलं नाही फार, कोपर खरचटलं. दादा काठी घेऊन आला. मला उठवायला त्याने हात पुढे केला आणि आम्ही दोघं तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो, कारण त्याच्या एका हाताने मी उठणार कशी आणि माझ्या कंबरेने तो उठणार कसा. शेवटी शेजारणीला हाक मारली.

शेजारीण म्हणाली, तुम्हा दोघांना एकेक माणूस ठेवायला हवं. हसण्यावारी नेलं मी. दादा हसला नाही.

९ एप्रिल, मंगळवार

आज बाईंना सांगून टाकलं, इथे म्हणायला शिकवत होते ते. पोटात ठेववेना. वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "आणि सर काय म्हणाले?"

"गो ऑन."

"तुम्ही चौथ्या रकान्यात काय लिहिलंत?"

काहीच लिहिलं नव्हतं. तेवढं एक बरं केलं.

मग मी विचारलं, "परवा मी काय करू?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तेच अवघड आहे."

दादा घरातच राहायचं म्हणेल, याची मला खात्री आहे. या घरात त्याची चाळीस वर्षं गेली. भीती आहे ती एवढीच की तो वेळेवर बोलू शकला नाही तर ते लोक परस्पर ठरवतील. माझ्याशिवाय त्याचं कसं होणार? त्याचं दूध किती कोमट हवं ते कोणाला माहीत आहे?

११ एप्रिल, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

खोली लहान, टेबल मोठं. डॉक्टर, समाजसेविका, बाई, भाचा. भाचा सकाळच्याच गाडीने आला होता, दाढीसुद्धा केली नव्हती. दादाला मधे बसवलं. मी त्याच्या डावीकडे. समाजसेविकेने सगळं वाचून दाखवलं, घरी राहिलं तर काय मदत मिळेल, केंद्रात राहिलं तर काय. मग डॉक्टर दादाकडे वळले. "सर, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

दादा म्हणाला, "गो ऑन."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी, समाजसेविकेने, भाच्यानेसुद्धा. आठ महिने सगळे तेच करत आले आहेत. तो बोलतो आणि लोक माझ्याकडे बघतात. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. घरी म्हणतोय तो. मी म्हटलं असतं तर कोणी प्रश्न केला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

मी टेबलाकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी पेन उचललं. "म्हणजे घरीच ना, सर? सवयीच्या जागी?"

"थांबा," मी म्हणाले. "त्याला बोलू द्या."

मी मोजलं नाही. दादाचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती, डाव्या हाताने त्याने खुर्चीचा दांडा आवळून धरला होता. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. भाच्याने मान खाली घातली. डॉक्टरांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते पुन्हा पाहिलं नाही.

"ति," दादा म्हणाला. मग दम घेतला. "तिकडे."

मला वाटलं, चुकलं. शब्द घसरला त्याचा, होतं असं. बाईंनाही खात्री करायची होती. त्यांनी दोन फोटो समोर ठेवले, या घराचा आणि केंद्राचा. दादाने घराच्या फोटोवर बोट ठेवलं, कितीतरी वेळ. मग तो फोटो उचलून माझ्यापुढे ठेवला. आणि केंद्राच्या फोटोवर पंजा पालथा टाकून म्हणाला, "हो."

माझे कान गरम झाले. सगळ्यांसमोर मी विचारलं, "का रे?"

तो माझ्याकडे वळला. "तू," म्हणाला. आणि पुढचं येईना. "तू." पुन्हा. चेहरा लाल झाला. मी थांबले. सगळे थांबले. शेवटी तो मागे टेकला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, पुरे आज, त्यांना ताण नको.

परत येताना टॅक्सीत मी पुढच्या सीटवर बसले. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा तुला..." मी म्हटलं, तू गप्प बस.

त्या ‘तू’नंतर काय येणार होतं ते मला कळतं. तू नकोस. तू फार बोलतेस. तू मला बोलू दिलं नाहीस. आणखी काय असणार? आठ महिने हाडांची काडं केली आणि चारचौघांत हे ऐकलं. दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर चाललं असतं.

मला त्याचा फार राग आला आहे.

१५ एप्रिल, सोमवार

आज दादाला पोचवलं.

बॅग मी भरली. शर्ट, चष्म्याची डबी, औषधं, दूध किती कोमट हवं त्याची चिठ्ठी. चार दिवस कामापुरतंच बोलले होते त्याच्याशी. तोही गप्प होता. मधेच ओठ हलवत बसायचा, मी खोलीत आले की थांबायचा. मी लक्ष दिलं नाही.

केंद्रात घड्याळजी दाराशीच भेटले. थांब जरा, म्हणाले, आणि दादाचा हात हातात घेतला. भाचा कागदांवर सह्या करायला गेला. मी कपाट लावायला घेतलं. शर्ट वरच्या कप्प्यात, टॉवेल खाली. दादा पलंगावर बसून बघत होता. मग त्याने काठीने माझ्या पायाला ढोसलं. मी वळले. त्याने सुरू केलं. "तू."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. राग होताच, पण सवय लागली आहे आता. उभी राहिले. खिडकीतून अंगणातल्या लोकांचं बोलणं येत होतं. त्याची मान थरथरत होती.

"झोप," तो म्हणाला.

मला वाटलं, दमलाय, आडवं व्हायचंय. पडदा ओढला, उशी सरळ केली. तर तो जोरजोराने मान हलवायला लागला. काठी माझ्याकडे रोखली. "तू," आणि मग जवळजवळ लगेच, "झोप."

मी म्हटलं, "झोपेन रे. आधी हे कपाट होऊ दे." आणि टॉवेलांच्या घड्या घालत बसले. निघताना त्याने दारापर्यंत यायचा हट्ट धरला नाही. सोंगट्यांच्या पटाकडे गेला.

१६ एप्रिल, मंगळवार

काल संध्याकाळी सहाला घरी आले. चपला काढायला म्हणून कोचावर बसले. एक पाय मोकळा केल्याचं आठवतं. जाग आली तेव्हा खोलीभर ऊन होतं आणि दुसऱ्या पायात चप्पल तशीच होती. सव्वानऊ. पंधरा तास. मधे एकदाही उठले नाही. कोणी हाक मारली नाही.

आधी धसका बसला, दादाची औषधं राहिली. मग आठवलं. मग तशीच बसून राहिले, आणि कालचे ते दोन शब्द डोक्यात एकापुढे एक लागले. तू, झोप. ते वाक्य गुरुवारचं होतं. चार दिवस तो तेच जुळवत बसला होता, मी खोलीत येत-जात होते तेव्हाही, आणि मी ते कधीच माझ्या मनाने पुरं करून मोकळी झाले होते, नको ते घालून.

खूप रडले. दादा, चुकलं रे माझं.

मग केंद्रात फोन केला. नर्सने फोन त्याच्या कानाशी धरला. मी म्हटलं, "दादा, झोपले. पंधरा तास." पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. फोन कानाला लावून कोचावर बसून राहिले, त्याचं वाक्य होईपर्यंत.